कॅम्परच्या टायरमध्ये हवा किती? (स्टिकर म्हणतो ८०, टायर म्हणतो ६५, नवरा म्हणतो "तूच बघ")

कुकरची_शिट्टी
रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रिस्टलला असतो. मागच्या महिन्यात फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली एक जुनी कॅम्पर (आत पलंग-ओटा असलेली राहायची गाडी) घेतली. गाडी २००८ ची आहे आणि कागदावर एकूण वजनमर्यादा ३५०० किलो. मे महिन्यात स्कॉटलंडला, स्काय बेटापर्यंत जायचा बेत आहे. दोघं आम्ही, दोन मुलं आणि माझी आई.

टायर जुने होते म्हणून जवळच्या एका दुकानातून चारही बदलून घेतले. दुकानदाराने दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला, त्यावर पुढे ५.० बार आणि मागे ५.५ बार लिहिलंय, आणि तेवढी हवा ठोकून दिली. ५.५ बार म्हणजे ८० पीएसआय (दोन्ही हवेच्या दाबाची मापं). घरी येईपर्यंत कपाटातला कुकर, तवा, पोळपाट असे वाजत होते की मला वाटलं मागे कुणी लेझीम खेळतंय. आई म्हणाली, "अगं बैलगाडी बरी."

दुसऱ्या दिवशी सहज टायर वाचायला बसले. बाजूला लिहिलंय: २२५/७० आर १५ सी, ११२/११० आर. त्याखाली बारीक अक्षरात, जास्तीत जास्त वजन अमुक, ६५ पीएसआयला. म्हणजे टायर ६५ म्हणतो आणि त्यात हवा ८०! स्टिकरवर मात्र मापाच्या पुढे "सीपी" आहे, आमच्या टायरवर नुसतंच "सी".

दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं की आम्ही गाडीचा स्टिकर मानतो. आता मी काय मानू? ८० ठेवू, ६५ करू, की आमच्या कारसारखी ३५? या आकड्यांचा अर्थ कुणी सांगेल का?


तिखट_मिसळ
रविवार, रात्री ११:२०

रुमाल टाकून ठेवतो. माहितगार येतीलच. तोवर एक सल्ला: कुकर टॉवेलमध्ये गुंडाळा.


हवापाणी_नाना
सोमवार, सकाळी ७:०५

ताई, पहिलं काम म्हणजे आज सकाळी गाडी गार असताना ८० ची ६५ करा. बाकीचं निवांत बोलू.

आमचं सांगलीला टायरचं दुकान होतं, वडलांपासून. रिमोल्डचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवायचं काम. आयुष्य उसाच्या गाड्यांखाली गेलं. तेव्हा कॅम्परबिम्पर मला माहीत नाही, पण टायरला कुठं माहीत असतं वरती ऊस आहे का पलंग? त्याला फक्त वजन कळतं.

तुमच्या टायरवरचं एकेक वाचू. २२५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के. पहिला "आर" म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंची आकडा. "सी" म्हणजे मालवाहू गाडीचा टायर, कारचा नव्हे. आपल्याकडे त्याच जातीच्या टायरवर "एलटी" दिसतं. शेवटचा "आर" मात्र वेगळा, तो वेगाचा: ताशी १७० किलोमीटरपर्यंत. दोन्ही "आर"मध्ये लोक हमखास घोळ घालतात.

आता मुख्य गोष्ट, ११२/११०. हे किलो नाहीत. तो एक क्रमांक आहे आणि त्याचं कोष्टक ठरलेलं आहे. १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. तुमच्या मागच्या एक्सलला एका बाजूला एकच चाक आहे, म्हणजे एक टायर ११२० किलो पेलणार. जोडी असती तर ११० चा हिशेब, म्हणजे प्रत्येकी १०६०. जोडीत कमी का? दोन टायर कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत. रस्ता मध्ये फुगलेला असला की आतला जास्त घेतो. शिवाय दोघांच्या मधली उष्णता बाहेर पडत नाही.

आणि ते ६५ पीएसआय. त्याचा अर्थ "६५ भरा" असा नाही. "तुम्ही माझ्यावर पूर्ण ११२० किलो टाकणार असाल तर मला ६५ लागेल" असं टायर म्हणतोय. वजन कमी तर हवा कमी चालते. वजन जास्त झालं तर मात्र हवा वाढवून भागत नाही, टायर बदलावा लागतो.

तेव्हा हवा किती हे विचारण्याआधी वजन किती ते सांगा. काटा करून या.


कुकरची_शिट्टी
सोमवार, दुपारी १:३०

नाना, दंडवत. ६५ केली. पण काटा? इथे कॅम्परचं वजन कोण करून देणार?


राईनकाठी
सोमवार, दुपारी २:४५

इंग्लंडमध्ये सार्वजनिक वजनकाटे असतात. खडी-भंगारवाल्यांकडे, काही ठिकाणी नगरपालिकेचेही. थोडे पैसे देऊन पावती मिळते. पाच वजनं घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं, आणि जमलं तर मागच्या एक्सलचं डावं चाक आणि उजवं चाक वेगवेगळं. काटेवाला कुरकुर करेल. गर्दी नसताना जा.

आणि गाडी सहलीला निघताना असते तशी भरून न्या. डिझेल, गॅस, पाणी, किराणा, माणसं सगळं. आईंनाही न्या.

मी जर्मनीत कोलोनजवळ राहतो, आमचीही डुकाटोच आहे. त्या "सीपी"बद्दल सांगतो. तो कॅम्परसाठीच बनवलेला टायर. मालवाहू व्हॅन सकाळी भरलेली असते, संध्याकाळी रिकामी. कॅम्पर कधीच रिकामी नसते. पलंग, फ्रिज, ओटा हे कायमचं ओझं, आणि वर्षातले आठ महिने ती एकाच जागी उभी. म्हणून सीपीचा सांगाडा जास्त दाबाला बनवलेला असतो, आणि मागच्या एकेरी चाकांना ५.५ बारची शिफारस असते. तुमचा स्टिकर त्या टायरसाठी छापलेला आहे. दुकानदाराने टायर एका जातीचा बसवला आणि हवा दुसऱ्या जातीची भरली, एवढीच चूक. पण मोठी चूक.

अजून एक बघा. वॉल्व्ह रबरी आहे की धातूचा? साधा रबरी वॉल्व्ह सुमारे ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. त्यावर ८० भरून मोटरवेला गेला असतात तर टायरआधी वॉल्व्हने मान टाकली असती.


कुकरची_शिट्टी
सोमवार, दुपारी ३:१०

रबरी. चारही. 😶


डांबरी_रस्ता
सोमवार, संध्याकाळी ६:२०

उगाच बाऊ करताय सगळे. मी वीस वर्षं जीप, व्हॅन, कार सगळ्यांत ३५ टाकतो. पंक्चरवाला पण न विचारता ३५ च टाकतो. काही होत नाही. उलट हवा कमी असली की गाडी मऊ चालते. आणि समृद्धीवर टायर फुटतात ते हवा जास्त भरल्यामुळेच. काँक्रीट तापतं, हवा फुगते, फट्ट. त्यापेक्षा नायट्रोजन भरा आणि विसरून जा.


हवापाणी_नाना
सोमवार, रात्री ९:४०

साहेब, याच गैरसमजावर आमचं घर चाललं, म्हणून रागवत नाही. पण जरा ऐका.

फुटलेले टायर मी हजारांनी उघडून बघितलेत. जास्त हवेने फुटलेला टायर विरळा. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार हाताने दहा वेळा वाकवून बघा, किती तापते. टायरचं तेच. आतलं रबर सुटतं, तारा मोकळ्या होतात. आत हात घातला की काळा भुगा निघतो. तो भुगा दिसला की समजायचं हा टायर कमी हवेवर पळालाय. बाहेरून नक्षी नवीकोरी असते. मग तो १२० च्या वेगाला फुटतो आणि मालक म्हणतो, "नवा होता हो!"

समृद्धीवर अडचण अशी की सातशे किलोमीटर सलग, ना सिग्नल ना गाव. टायरला गार व्हायला सवडच मिळत नाही. गावातल्या गावात ३५ वर चालून जातं ते तिथं चालत नाही. म्हणून तिथं टायर तपासायला लागले.

चालून तापल्यावर हवेचा दाब वाढतो, ते टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. वाढला म्हणून धाब्यावर हवा सोडणारे लोक आहेत. त्यांनी तर गार झाल्यावर कमी हवेत चालवायची व्यवस्थाच केली. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे. कोरडा असतो हा फायदा, बाकी फुकटात मिळाला तर घ्या. विसरून मात्र जाऊ नका.


राईनकाठी
सोमवार, रात्री १०:१५

नानांना +१. तापमानाचा हिशेब हवा असेल तर: ६५ पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला अडीच-पावणेतीन पीएसआयचा फरक पडतो. कारच्या टायरला दीडेक पडतो, कारण मुळात दाब कमी. म्हणजे ब्रिस्टलला २० अंशांत भरलेली हवा स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये ५ अंशांच्या सकाळी चारेक पीएसआय कमी दिसेल. गळती समजून घाबरू नका, पण भरून मात्र घ्या.


गाडी_बांधतोय
मंगळवार, सकाळी ११:००

धागा वाचून घाम फुटला. मी पुण्यात एका जुन्या मिनीबसची कॅम्पर करून घेतोय, मागे जोडचाकं आहेत. टायरवर एलटी आणि ८ पीआर लिहिलंय. ८ पीआर म्हणजे आठ थर ना? मग काळजी नको?


हवापाणी_नाना
मंगळवार, दुपारी १२:३५

पूर्वी सुती कापडाचे थर मोजायचे, तेव्हाचा तो शब्द. आता आत तेवढे थर नसतात, ताकदीची खूण म्हणून आकडा राहिला. वजनाचा क्रमांकच बघा, आणि तुमच्यासाठी दुसरा, बारका.

जोडचाकाचं दुखणं म्हणजे आतला टायर. तो दिसत नाही, वॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, म्हणून कुणी हवा बघत नाही. आतला बसला की बाहेरचा एकटा दोघांचं वजन ओढतो, आणि तुम्हाला गाडी चालवताना काहीच कळत नाही. वॉल्व्हला लांब नळी लावून घ्या. दोन्ही टायर एकाच उंचीचे, सारखे झिजलेले हवेत. एक नवा, एक जुना अशी जोडी लावलीत तर नवा सगळं ओझं घेणार आणि जुना नुसता सोबतीला फिरणार. दोघांच्या मध्ये अडकलेला दगड रोज काढा. उसाच्या गाडीवाला पोरगा हे झोपेतसुद्धा करतो.

आणि बांधकाम सुरू असतानाच दोन वेळा काटा करा. सुतार प्लायवूड घालत सुटला की वजन कुठं जातं कळत नाही. अठरा मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या आसपास भरते.


गाडी_बांधतोय
मंगळवार, दुपारी १२:५०

सुतार आता चौदावी शीट कापतोय. जातो खाली.


कुकरची_शिट्टी
शनिवार, दुपारी ४:००

काटा केला! भंगारवाल्याकडे. आई गाडीत बसून होती, काटेवाल्याने तिच्याकडे बघून नमस्कार केला. पूर्ण भरलेली गाडी, पाण्याची १०० लिटरची टाकी भरून, मागे रॅकवर मुलांच्या दोन सायकली.

पुढचा एक्सल: १६२० किलो
मागचा एक्सल: १९६० किलो
एकूण: ३५८०

मागचं डावं चाक १०४०, उजवं ९२०.

गाडीवरच्या वजनाच्या पाटीवर पुढच्या एक्सलची मर्यादा १८५०, मागच्याची २०००. म्हणजे दोन्ही एक्सल आत आहेत, पण एकूण ३५०० च्या वर ८० किलो! हे कसं काय?


राईनकाठी
शनिवार, संध्याकाळी ५:३०

दोन एक्सलच्या मर्यादांची बेरीज ३८५० होते, पण गाडीची एकूण मर्यादा वेगळी ठरवलेली असते. दोन्ही पाळायच्या. टायरच्या बाजूने तुम्ही सुरक्षित आहात, कायद्याच्या बाजूने नाही. इंग्लंडमध्ये दहा टक्क्यांच्या आत जास्त वजन सापडलं तर १०० पौंडांचा दंड आहे. दंडापेक्षा विम्याची भीती जास्त.

डावी बाजू १२० किलो जड आहे. ओटा, फ्रिज आणि गॅस त्याच बाजूला असणार. म्हणून मी वेगवेगळं वजन करायला सांगितलं होतं. मागच्या एक्सलचे नुसते दोन भाग केले असते तर प्रत्येकी ९८० धरून आपण फसलो असतो. हवा ठरवताना जड चाक धरायचं, आणि एका एक्सलवर दोन्ही बाजूंना सारखीच भरायची.

आता सायकली. रॅकसकट ४५ किलो असतील असं धरतो. त्या मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे लटकतात आणि दोन एक्सलमधलं अंतर चारेक मीटर. तरफेचा नियम शाळेत शिकलो तोच: मागच्या एक्सलवर ४५ नाही तर सुमारे ६२ किलो पडतात, आणि पुढचा एक्सल १७ किलोने उचलला जातो. डुकाटो पुढच्या चाकांवर ओढते. ओल्या चढावर पुढचं वजन गेलं की चाकं नुसती फिरतात. सायकली तिकडेच भाड्याने घ्या.

आणि १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. स्कॉटलंडला पाणी घेऊन जाणं म्हणजे कोकणात नारळ नेणं. वीस लिटर ठेवा.


तिखट_मिसळ
शनिवार, संध्याकाळी ५:४५

कोकणात नारळ! 😂 वाखुसा (वाचनखूण साठवली).


कुकरची_शिट्टी
रविवार, दुपारी १२:२०

सायकली काढल्या (मुलं बोलत नाहीयेत माझ्याशी). टाकीत २० लिटर ठेवलं. पुन्हा काट्यावर:

पुढे १६४०, मागे १८२०, एकूण ३४६०. मागचं डावं ९४०, उजवं ८८०.

पुढचं खरंच वाढलं! राईनकाठी, तुमची तरफ बरोबर निघाली. आता सांगा, हवा किती?


राईनकाठी
रविवार, दुपारी २:००

कागद-पेन्सिल घ्या. टायर पूर्ण ११२० किलोला ४.५ बार (तेच ६५ पीएसआय) मागतो. कमी वजनाला लागणारी हवा सरळ प्रमाणात कमी होत नाही, थोडी जास्त वेगाने होते. ढोबळ सूत्र असं: वजनाला ११२० ने भागा, त्याचा १.२५ वा घात घ्या, ४.५ ने गुणा. फोनच्या गणकयंत्रावर होतं.

मागे ९४० किलो: सुमारे ३.६ बार, म्हणजे ५२ पीएसआय.
पुढे प्रत्येकी ८२०: सुमारे ३.०५ बार, ४४ पीएसआय.

ही किमान हवा झाली. याखाली जायचं नाही. त्यावर दहा टक्के धरा, कारण वाटेत किराणा वाढतो आणि गेज खोटं बोलतं. मागे ५८, पुढे ४८-४९.

पण माझं सूत्र हे अंतिम मानू नका. टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक विभागाला टायरचं पूर्ण नाव आणि एक्सलची वजनं इमेलने पाठवा. फुकट सांगतात.

आणि माझं वैयक्तिक मत: पुढच्या वेळी मागे तरी सीपी घ्या.


हवापाणी_नाना
रविवार, संध्याकाळी ६:१०

शेवटच्या वाक्याला माझा थोडा विरोध. ११२० गुणिले दोन म्हणजे २२४०, आणि यांचा मागचा एक्सल १८२० ला आहे. चारशे किलोची शिल्लक आहे. "सी" टायर वाईट नाही, हवा नीट ठेवली तर. सीपीच्या ५.५ बारवर कुकरचं लेझीम पुन्हा सुरू होईल.


राईनकाठी
रविवार, संध्याकाळी ६:४०

नाना, जे लोक काटा करतात त्यांच्यासाठी तुमचं बरोबर. जे करत नाहीत त्यांच्यासाठी सीपी.


हवापाणी_नाना
रविवार, संध्याकाळी ६:५५

हे मात्र मान्य.


डांबरी_रस्ता
रविवार, रात्री ८:३०

सहज म्हणून आज स्वतःच्या व्हॅनचा स्टिकर वाचला. मागे ५५ लिहिलंय. इतकी वर्षं ३५. नाना, आत भुगा असेल का?


हवापाणी_नाना
रविवार, रात्री ९:००

टायर रिमवरून उतरवून बघून घ्या साहेब. फोनवर सांगता येत नाही.


कुकरची_शिट्टी
बुधवार, रात्री १०:३०

ताजी खबर. टायर कंपनीचं उत्तर आलं: पुढे ४७, मागे ५८. राईनकाठी, तुम्हाला एका पीएसआयचा फरक माफ.

दुसऱ्या एका दुकानातून चारही वॉल्व्ह धातूचे करून घेतले. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घेतला, एका टायरला पाच पीएसआय वाढवायला चहा होऊन पिऊन होतो. आज ४७-५८ वर मोटरवेला चालवून आणली. कुकर गप्प. आई झोपली होती, तेव्हा उत्तीर्ण समजते.

निघायच्या आधी काही राहिलंय का बघायचं?


हवापाणी_नाना
गुरुवार, सकाळी ६:५०

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ती जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नवे म्हणून घातलेले खरंच नवे आहेत का बघा. उभ्या गाडीचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. भिंतीवर बारीक भेगा दिसल्या तर नक्षीकडे बघायचंच नाही.

आणि स्टेपनी बघितली का?


कुकरची_शिट्टी
गुरुवार, सकाळी ९:१५

चारही टायर मागच्या वर्षीचे आहेत, ठीक.

स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते हे आज कळलं. नवऱ्याला झोपवला खाली. जन्मतारीख १४०८, म्हणजे गाडीबरोबरच आलेली. सीपी आहे. हवा २२ पीएसआय. जॅकचा दांडा सापडत नाहीये.